रस्ता गल्लीचा, वाटा घरमालकाचा!

माळव्यातल्या धार जिल्ह्याच्या सरदारपूर तालुक्यात, राजगडच्या शेजारी मोहनखेडा आहे. श्रीमद् राजेंद्रसूरींनी एकोणिसाव्या शतकात उभं केलेलं हे जैन तीर्थ. सात खंडांच्या ‘अभिधान राजेंद्र कोशा’चे कर्ते ते हेच. १९०६ साली राजगडला त्यांचं देहावसान झालं आणि त्यांची समाधी मोहनखेड्यात आहे.

जैन मंदिरांतली एक रीत इथं आठवते. पूजेच्या मानासाठी बोली लागते. बोली ज्याची, मान त्याचा, आणि रक्कम मंदिराच्या निधीत. जो पैसे देतो त्याला म्हणतात ‘लाभार्थी’! सरकारी भाषेत लाभार्थी म्हणजे घेणारा, इथं तो देणारा. ज्याला लाभ त्यानं वाटा उचलावा, ही कल्पना एवढ्या सुंदर शब्दात बसलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता हेच मंदिराबाहेर आणून बघा. तुमच्या घरासमोर चांगला रस्ता झाला, फुटपाथ झाला, तुमच्या जागेचा भाव वाढला. त्या वाढीतला काही हिस्सा नगरपालिकेनं तुमच्याकडे मागितला तर? जगभर मागतात. आपल्याकडेही मागतात, शंभराहून जास्त वर्षं. त्या मागण्यांचे हे काही रंगतदार किस्से.

एक रस्ता, दोन संस्थानं

सुरुवात माळव्यातच करू. १७२८ साली तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांनी देवासला गादी स्थापली. पुढं त्याच्या दोन पाती झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव मात्र एकच! राजधानीच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका संस्थानाची, दुसरी बाजू दुसऱ्याची. पाण्याची सोय वेगळी, दिवाबत्ती वेगळी. समोरच्या दुकानात जायचं तर माणूस संस्थान ओलांडत असे. रस्त्याच्या कुठल्या बाजूला तुमचं दार उघडतं, यावरून तुमचा कारभारी, म्हणजे वाटा मागणारा, कोण ते ठरायचं. १९४८ साली दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या.

स्वच्छ गल्लीला मिरवणुकीचा मान

देवासहून जवळच इंदूर. तिथं होळकरांच्या दरबारानं नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. १९१८ साली त्यांनी दिलेला इंदूरचा अहवाल आजही नगररचनेचे विद्यार्थी वाचतात. पण अहवालापेक्षा त्यांची मिरवणूक भारी होती!

शहरात प्लेगची धास्ती. घरांत उंदीर, अंगणात कचरा, गल्ल्यांत घाण. गेडिस यांनी दंड सुचवला नाही, पट्टी बसवली नाही. त्यांनी जाहीर केलं की दिवाळीची मोठी मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या गल्लीतली जास्तीत जास्त घरं दुरुस्त आणि स्वच्छ होतील, त्या गल्लीतून जाईल. झालं! घरमालक कामाला लागले. कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या भरून बाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा होता, आणि सफाई कामगार ताजे धुतलेले कपडे घालून मानानं चालले. मिरवणुकीची वाट हेच बक्षीस. मला विचाराल तर घरमालकांना रस्त्याच्या कामात ओढण्याची याहून हुशार युक्ती आपल्या देशात झालेली नाही.

‘पट्टी’ हा शब्दच बघा

मराठीत पट्टी म्हणजे खास कारणासाठी बसवलेला वाटा. घरपट्टी, पाणीपट्टी आपण रोज म्हणतो. मराठेशाहीत इनामदारांवर ‘कर्जपट्टी’ बसत असे. राज्यावरचं कर्ज फेडायचं तर ज्यांना राज्यानं जमिनी दिल्या त्यांनी हातभार लावावा, असा त्यामागचा हिशेब.

अहिल्याबाईंची तऱ्हा याच्या अगदी उलटी. घाट, विहिरी, धर्मशाळा, वाटा यांसाठी त्यांनी ‘खासगी’तून खर्च केला. ‘खासगी’ म्हणजे होळकर घराण्यातल्या राणीचा स्वतंत्र खजिना. रयतेवर नवी पट्टी न बसवता महेश्वरचे घाट उभे राहिले.

आणि कौटिल्य? त्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला एक अष्टमांश ‘पण’ (तेव्हाचं नाणं) दंड. चिखल-पाणी साचवून वाट अडवली तर पाव ‘पण’. राजमार्गावर हेच केलं तर दंड दुप्पट!

पालिकेनं फुटपाथ घरमालकांकडूनच बांधून घेतला

मुंबईत फोर्टमधल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडवर चालताना डोक्यावर इमारत असते आणि पायाखाली फरशी. कमानींखालचा हा सलग पदपथ कुठून आला? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नियम झाला की या रस्त्यावर बांधणाऱ्यानं तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवायची. इमारत खासगी, खालून चालणारा मात्र कुणीही. प्रत्येकाची कमान वेगळ्या शैलीची, तरी वाट एक. पैशात न घेता जागेत घेतलेली ही वर्गणी आजही मुंबईकरांना पावसात कोरडं ठेवते. माझ्या मते शहरातला हा सगळ्यात उत्तम फुटपाथ.

‘टीपीएस’चं कोडं

वांद्रे, खार, सांताक्रूझच्या पत्त्यांत ‘टी.पी.एस. ३’ असं काहीतरी दिसतं. कुरिअरवाल्यांना ते पाठ असतं, राहणाऱ्यांना मात्र त्याचा अर्थ बहुधा माहीत नसतो. टाउन प्लॅनिंग स्कीम! तिच्या मुळाशी आहे १९१५चा मुंबई नगररचना कायदा.

त्याआधीची परिस्थिती आठवा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं गजबजलेल्या वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद, हवेशीर रस्ते काढले. पण जमीन संपादन करून रस्ता काढणं फार महागडं. मग जर्मनीकडे नजर गेली. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या प्रयत्नातून १९०२ साली तिथं कायदा झाला होता: सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घ्यायच्या, त्यातून रस्ते आणि बागा काढायच्या, आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले भूखंड पुन्हा मालकांना द्यायचे. जमीन थोडी कमी होते, किंमत मात्र वाढते.

आणि वाढलेल्या किमतीतला हिस्सा? तो योजनेच्या खर्चासाठी द्यायचा. तोच ‘बेटरमेंट चार्ज’. आपल्या कायद्यानं त्याला मर्यादा घातली: वाढीच्या निम्म्याहून जास्त मागायचं नाही. समजा, तुमचा मूळ भूखंड १० लाखांचा होता. रस्ते, गटारं, दिवे आल्यावर अंतिम भूखंड १६ लाखांचा झाला. वाढ ६ लाख. तुमच्याकडून जास्तीत जास्त ३ लाख. रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई त्यातून वजा. बरेचदा मालकाला हातातून फारसं काही द्यावं लागतच नाही! १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमही हीच वाट चालतो. पनवेलजवळच्या ‘नैना’त, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, अशाच योजना सुरू आहेत. तिथं मालकांकडे ४० टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपात राहते. बेटरमेंट चार्जवरून मात्र तिथल्या शेतकऱ्यांनी आवाज उठवला, आणि तो रास्तच होता. भाव कागदावर वाढतो, पैसे रोख मागितले जातात. शेतकऱ्याकडे रोख नसते.

१९१५च्या त्या मुंबई कायद्याचा खरा बहर गुजरातमध्ये आला. अहमदाबादनं एकामागून एक टीपी स्कीम करत आपलं शहर पसरवलं.

तिनं रस्ता दिला, आणि रस्त्याचे पैसेही!

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवुड नावाच्या गावानं मिसेस बेकर यांच्या जमिनीतून सुमारे ३०० फूट रस्ता काढला. भरपाई म्हणून त्यांना २,००० डॉलर दिले. मग गावानं हिशेब केला: रस्त्याचा लाभ कुणाला? मिसेस बेकर यांनाच. म्हणून ती भरपाई, वर कोर्टकचेरीचा खर्च, सगळा त्यांच्याच नावावर लावला! त्या लढल्या. १८९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: मिळालेल्या लाभापेक्षा ठळकपणे जास्त आकारणी म्हणजे मोबदला न देता मालमत्ता घेणंच. मिसेस बेकर यांचं नाव आजही तिथल्या कायद्याच्या वर्गात घेतलं जातं.

तिथं राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक गंमत ठाऊक असेल. कोपऱ्यावरच्या घराला दोन रस्ते लागतात, म्हणून अनेक गावांत आकारणीही दोन्ही बाजूंची लागते. काही गावं त्यात सूट देतात. न्यू यॉर्कमध्ये २००३ पासून घरासमोरच्या फुटपाथवर कुणी पडलं, तर जबाबदारी बहुतेक इमारतींच्या मालकांवर येते. मालक स्वतः राहतो अशी एक ते तीन कुटुंबांची छोटी घरं त्यातून वगळली आहेत.

कुणी सुरू केलं, कुणी बंद केलं

कोलंबियात १९२१ पासून ‘व्हालोरिझासिऑन’ आहे. रस्त्यामुळे वाढलेल्या किमतीचा वाटा घ्यायचा आणि त्यातूनच तो रस्ता करायचा. बोगोटा आणि मेडेयीन या शहरांत त्यातून मोठमोठी कामं झाली. उलट जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यानं घरासमोरच्या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी घरमालकांकडून घेतली जाणारी आकारणी २०१८ पासून रद्दच केली. निवृत्त वृद्धांच्या नावावर हजारो युरोंची बिलं जाऊ लागली आणि लोक खवळले.

आपल्या बिलातला ‘पथकर’

मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात ओळी मोजा. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर… आणि एक ‘पथकर’. हा टोलनाक्यावरचा पथकर नव्हे! हा तुमच्या शहरातल्या रस्त्यांसाठी. ‘लाभ’ हा शब्द इथंही आहे बघा, मोहनखेड्यासारखा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ मध्ये मालमत्ता कर माफ झाला. छोट्या घरांना ही सूट योग्यच आहे. पण ज्यांची दुकानं हमरस्त्यावर उघडतात आणि फुटपाथ गिळून बसतात, त्यांनी त्या फुटपाथचा वाटा पुरेपूर द्यायला हवा.

मुंबईच्या १८८८च्या पालिका कायद्यात आणखी एक कलम आहे, ३०५. खासगी गल्ली खडबडीत असेल, तर तिच्यावर ज्यांची घरं येतात त्या मालकांना आयुक्त नोटीस काढून ती सपाट करायला, खडी-फरशी घालायला आणि गटार काढायला सांगू शकतात. म्हणजे ‘खासगी गल्ली’ अशी पाटी लावून जबाबदारी टाळता येत नाही.

मध्य प्रदेशात अनधिकृत कॉलन्या नियमित करताना वेगळं सूत्र लावलं गेलं: ७० टक्के किंवा जास्त रहिवासी कमी उत्पन्न गटातले असतील, तर विकासखर्चाचे २० टक्के त्यांनी द्यायचे, बाकी पालिकेनं, इतरत्र निम्मे-निम्मे. गुजरातच्या शहरांत खासगी सोसायट्यांतले रस्ते, पेव्हर ब्लॉक यांसाठी ७०:२०:१० असं सूत्र आहे. त्यात राज्याचे ७०, रहिवाशांचे २०.

या सगळ्यांत मला सगळ्यात पटतं ते आपल्या २००१च्या गुंठेवारी कायद्यातलं एक कलम. गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरची, घरं नियमित करताना विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याचं शुल्क) घ्यायचं, पण ते त्या-त्या लेआउटच्या स्वतंत्र खात्यात ठेवायचं आणि तिथल्याच सोयींवर खर्च करायचं. ज्या गल्लीनं दिलं, त्याच गल्लीत खडी पडली पाहिजे. लोक पैसे द्यायला कुरकुरतात ते रकमेमुळे कमी, आणि पैसे गेले कुठं ते दिसत नाही म्हणून जास्त. २०२१च्या दुरुस्तीनं हा कायदा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. म्हणजे या खात्यांत पैसे भरलेली घरं राज्यात पुष्कळ आहेत.

तुमचं घर त्यांपैकी असेल, तर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारा: आमच्या लेआउटच्या खात्यात आज किती रक्कम आहे, आणि त्यातून आमच्या गल्लीत काय झालं? उत्तर तोंडी मिळालं तर थांबू नका, माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.