दुबळ्याचा पहिला वार

बलाढ्य शत्रूवर दुबळे राष्ट्र अचानक का तुटून पडते? अविचाराने? वेडाने? इतिहास तसे सांगत नाही. ‘आज लढलो तर कदाचित हरू, पण थांबलो तर नक्कीच हरू’ असा हिशेब ज्याच्यापुढे उभा राहतो, तो आजच वार करतो. हा हिशेब समजून घ्यायला चिंचवडकरांनी लांब जायला नको. उत्तरेला चाकण आहे, दक्षिणेला खडकी.

१६६० साली औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान पुण्यावर चालून आला. चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळा यांनी जवळपास दोन महिने लढवला, पण अखेर तो पडला. मोगलांच्या तोफा आणि खजिन्यापुढे एकेक किल्ला असाच जाणार, हे उघड होते. खान लाल महालात ठाण मांडून बसला. मुलूख उजाड होत होता. थांबण्यात नुकसान होते ते शिवरायांचे, खानाचे नव्हे. म्हणून ५ एप्रिल १६६३ च्या रात्री निवडक मावळ्यांनिशी शिवराय थेट लाल महालात शिरले. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा मारला गेला. मोगल फौज शाबूत होती, पण तिची अब्रू गेली. औरंगजेबाने खानाची रवानगी बंगालला केली आणि जानेवारी १६६४ मध्ये शिवराय सुरतेवर जाऊन धडकले. हेतू मर्यादित, परतीची वाट ठरलेली, पुढचे पाऊल तयार!

जपानचा हिशेबही असाच होता. १९४१ साली अमेरिकेने त्याचे तेल तोडले. साठे आटण्याआधी लढायचे म्हणून ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. पण अमेरिका खचून तडजोडीला येईल, ही आशा खोटी ठरली. सहाच महिन्यांत, मिडवेच्या लढाईत, जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली.

आता खडकी पाहा. जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावाचा मुलूख गेला, मराठा राज्यांचे पुढारीपणही गेले. उरलेसुरलेही जाणार, हे त्याला दिसत होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांची फौज कंपनीवर चालून गेली. मात्र एल्फिन्स्टनला सुगावा आधीच लागला होता. त्याने आपली फौज खडकीला हलवली होती. संगमावरची रेसिडेन्सी जळाली, पण लढाई हरली. बारा दिवसांत पुणे गेले.

ज्याची बातमी आधीच फुटते, त्या राज्याच्या मागे माणसे तरी किती उरली होती? अस्पृश्यांना पेशवाईने माणूस मानलेच नव्हते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे महार सैनिक कंपनीच्या बाजूने पेशव्यांच्या फौजेशी लढले. त्यांची नावे विजयस्तंभावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले, ते उगाच नव्हे. त्या सैनिकांनी पेशवाईसाठी का मरावे? जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेला आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला राहिला.

अचानक हल्ला थोडा वेळ मिळवून देतो, विजय नव्हे. मिळालेल्या वेळात पुढे काय करायचे आणि आपल्यासोबत कोण उभे राहणार, हे ज्याने आधी ठरवलेले नसते, त्याचा पहिला वार हाच शेवटचा ठरतो.