भांडुप स्टेशन रोड, सेकंदाचा अडीचशेवा भाग

भांडुप पश्चिमेला, स्टेशनच्या बाहेर, संध्याकाळी सातच्या सुमारास फक्त एक मिनिट उभे राहा. लोकल येते आणि पुलाचा जिना माणसांनी भरून वाहू लागतो. रिक्षावाले हाका मारतात, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडले जाते, वडे तेलात पडतात, कोणीतरी फोनवर ‘पोचलो, पोचलो’ सांगत घाईने पुढे निघते. आता डोळे मिटा आणि सांगा: तुमच्या अगदी समोरून गेलेल्या माणसाच्या खांद्यावरची बॅग कोणत्या रंगाची होती?

नाही सांगता येणार. आणि यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही. ती बॅग तुम्ही बहुधा पाहिलीच नव्हती!

हात सरळ पुढे धरून अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका वेळी आपल्या डोळ्याला खरोखर स्वच्छ दिसते ते साधारण तेवढ्याच तुकड्यात. बाकी सगळे धूसर. मग आपल्याला पूर्ण रस्ता लख्ख दिसतो असे का वाटते? कारण डोळे सेकंदाला सुमारे तीन उड्या मारत राहतात, इकडचा एक तुकडा, तिकडचा एक तुकडा गोळा करतात आणि मेंदू ते जोडतो. त्याहून गंमत म्हणजे, प्रत्येक उडीच्या दरम्यान मेंदू दृष्टी जवळजवळ बंदच करून टाकतो. दिवसभरात असे हजारो वेळा घडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

कॅमेऱ्याला मात्र आवडनिवड नसते. जिन्यावरचा चेहरा, मागच्या खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, कोपऱ्यातल्या मुलाचा निसटलेला चपलेचा अंगठा, सगळ्यांवर त्याची नजर सारखीच पडते. रस्त्यावरच्या छायाचित्रणाचे पहिले आश्चर्य हेच आहे. ज्याने फोटो काढला तोही त्या फोटोतल्या कितीतरी गोष्टी फोटोतच पहिल्यांदा बघतो.

पण कॅमेऱ्याला रस्ता पहिल्यापासून असा दिसत होता का? मुळीच नाही. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळच्या तबकडीवर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. घोडागाड्या गेल्या, माणसे गेली, पण तेवढा वेळ एका जागी कोणीच टिकले नाही आणि सगळी वर्दळ तबकडीवरून पुसली गेली. रस्ता ओस दिसतो! अपवाद एका कोपऱ्याचा. तिथे एक माणूस पाय वर ठेवून बुटांना पॉलिश करून घेत उभा होता. तो पुरेसा स्थिर राहिला, म्हणून उमटला. माणूस दिसणारे जगातले सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र ते हेच.

प्लॅटफॉर्मवर पेटीवर ब्रश आपटण्याचा तो ठकठक आवाज ज्यांच्या कानात मुरला आहे, त्या मुंबईकरांना हा माणूस परका वाटणार नाही. समजा दागेरचा तोच कॅमेरा आज भांडुपच्या पादचारी पुलावर ठेवला. काय उमटेल? लोकल काही सेकंद थांबते, तिची फार तर धुरासारखी पुसट छटा उमटेल. हजारो प्रवासी नाहीसे होतील. उरेल पिवळी पाटी, बाकडे, बाकड्याखाली झोपलेले कुत्रे. आणि कोणी पॉलिश करून घेत असेल, तर तो.

आता एक योगायोग बघा. दागेरची युक्ती १८३९ साली जगजाहीर झाली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८४३ साली, मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट रेल्वेने जोडावेत ही कल्पना त्यांना पहिल्यांदा सुचली ती या भांडुपच्या भेटीत! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी धावली, ३४ किलोमीटर, आणि तिची वाट भांडुपवरूनच होती. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले हाडाचे छायाचित्रकार आणि या संस्थेचे सदस्य. एका यंत्राने या शहराला धावायला लावले, दुसऱ्याने त्याला थांबवून पाहायची सोय केली, आणि पहिली गाडी व छायाचित्रकारांची संस्था, दोन्ही दोन वर्षांच्या आत आली.

मात्र धावणाऱ्याला थांबवणे नारायण दाजींच्या पिढीच्या हातात नव्हते. काचेच्या ओल्या तबकड्या, तिवईवरची अवजड पेटी, काही सेकंद निश्चल बसलेला माणूस, अशी ती कला होती. १९२५ साली सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा लायका हा छोटासा कॅमेरा बाजारात आला आणि छायाचित्रकार तिवई सोडून गर्दीत मिसळला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने असाच कॅमेरा घेऊन १९४७-४८ मध्ये आपल्या देशात भटकंती केली. क्षण सहज हातात सापडू लागला तो इथून.

तो क्षण असतो तरी केवढा? उजेड बरा असेल तर रस्त्यावर सेकंदाचा अडीचशेवा भाग हे नेहमीचे माप. तेवढ्या वेळात चालणारा माणूस जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकतो, म्हणून तो कोरल्यासारखा स्वच्छ येतो. त्याच्या मागून ताशी ७२ किलोमीटर वेगाने न थांबता जाणारी गाडी मात्र तेवढ्यात आठ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणून ती फराट्यासारखी येते. एकाच चित्रात, एकाच क्षणी, एक जण थांबलेला आणि एक धावणारी! आणि पावसाचे बघा. मोठा थेंब सेकंदाला आठेक मीटर वेगाने कोसळतो. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तो तीन सेंटिमीटरची रेघ ओढतो, हजाराव्या भागात एक सेंटिमीटरहूनही कमी. जुलैतल्या भांडुपच्या फोटोत पाऊस रेघांचा दिसावा की मण्यांचा, हे ढगांच्या नव्हे, फोटो काढणाऱ्याच्या हातात असते.

खिशातल्या फोनने तर याहून अजब प्रकार केला आहे. फोन आडवा धरून वेगात जाणाऱ्या गाडीचा फोटो काढा. सरळसोट उभे दरवाजे तिरके आलेले दिसतील. गाडी कललेली असते का? नाही. फोन सगळे चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. झेरॉक्सच्या दुकानात काचेखालून दिवा सरकत असताना कागद हलला तर अक्षरे कशी तिरपी होतात, अगदी तसेच. समजा सगळ्या ओळी वाचायला सेकंदाचा शंभरावा भाग लागला. तेवढ्यात आपली गाडी वीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे तुमच्या फोटोतला दरवाज्याचा वरचा भाग थोडा जुना आहे आणि खालचा थोडा नवा! ज्याला आपण एक क्षण समजलो, तो एक नव्हेच. ओळीओळींनी रचलेले ते कितीतरी क्षण आहेत.

आता मला सांगा, इतका चिमुकला क्षण माणूस पकडतो तरी कसा? काहीतरी दिसले आणि बोट दाबले, यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. तेवढ्यात समोरचा चालणारा माणूस जवळपास एक फूट पुढे गेलेला असतो. दिसल्यावर दाबणारा कायम उशिराच पोचतो. म्हणून कसलेला छायाचित्रकार जे दिसते त्याचा नव्हे, जे घडणार आहे त्याचा फोटो काढतो. डबक्याकडे येणारे पोर उडी मारणार, हे त्याच्या खांद्यांवरून आधीच ओळखतो. आणि अनेक फोन या उशिरावर भलताच उपाय करतात. कॅमेरा उघडला की ते गुपचूप चित्रे साठवू लागतात, आणि तुम्ही बटण दाबता तेव्हा त्याच्या किंचित आधीची चित्रेही वापरतात. माणूस पुढचे ताडतो, यंत्र मागचे आठवते.

पुढचे ताडण्यासाठी एक जुनी, सोपी युक्ती आहे: माणसामागे धावू नका, जागा निवडा. रंग उडालेली निळी भिंत, अर्धे ओढलेले शटर, डोंगराकडे चढणाऱ्या पायऱ्या. पार्श्वभूमी पक्की करा आणि वाट पाहा. ३५ मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ ८ वर ठेवून तीन मीटरवर नजर बांधली, तर सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. भांडुपच्या टेंभीपाड्याची एखादी गल्ली एवढ्यात मावते! मग कॅमेऱ्याशी खटपट उरत नाही. गल्लीत कोण येते, एवढेच पाहायचे.

आणि भांडुपचा उजेड! त्याच्यासाठी तर नकाशा उघडायला हवा. पूर्वेला खाडी, मिठागरे, मोकळे आभाळ. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, आणि त्याच्या उतारावर खिंडीपाडा, तुळशेतपाड्याची एकावर एक चढलेली घरे. सकाळचे ऊन खाडीवरून येते आणि उतारावरच्या घरांच्या तोंडावर पडते. संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच डोंगराआड जातो. पायथ्याच्या गल्ल्या सावलीत बुडतात, तेव्हा पूर्वेकडच्या इमारतींचे वरचे मजले अजून सोनेरी असतात. एकाच वस्तीत एकाच वेळी दोन प्रहर!

दुपारही इथे साधी नाही. मे महिन्याच्या मध्यावर, साडेबारा वाजून गेल्यावर, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि विजेच्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यात नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस हे पुन्हा घडते, फक्त तेव्हा ते बहुधा ढगांआड राहते. दागेरच्या पॅरिसला हे दृश्य कधीच दिसणार नाही. ते शहर इतके उत्तरेला आहे की सूर्य तिथे माथ्यावर येतच नाही.

या शहराच्या रस्त्यांनी मोठ्या छायाचित्रकारांना खेचून घेतले. रघुबीर सिंह यांनी मुंबईची गर्दी रंगांत मांडली. सूनी तारापोरवाला १९७७ पासून हे शहर टिपत आल्या. सुधारक ओलवे यांनी सफाई कामगारांच्या आयुष्याकडे सगळ्यांना बघायला लावले. अनुश्री फडणवीस यांनी लोकलच्या लेडीज डब्यात, रोजच्या प्रवासात, मोबाइलवर जे टिपले ते पाहून थक्क व्हायला होते. ही सगळी चित्रे याच शहरात सापडली. त्यासाठी लागली आस्था. समोरच्याने मान हलवून ‘नको’ म्हटले की कॅमेरा खाली घेणे, हाही त्याच आस्थेचा भाग. गर्दीतला चेहरा ज्याचा आहे त्याचाच असतो.

काळ या चित्रांवर एक काम गुपचूप करत असतो. भांडुपमध्ये लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यात रंगांचा एशियन पेंट्स, टायरचा सीएट, लोखंडी मालाचा जीकेडब्ल्यू असे कारखाने उभे राहिले आणि पाळी बदलताना रस्ता कामगारांनी भरून जाई. आज त्याच पट्ट्यात उंच टॉवर आहेत. ती पाळी सुटतानाची गर्दी तेव्हा इतकी रोजची होती की तिचा फोटो काढावा असे क्वचितच कोणाला वाटले असेल. आज तसा एखादा फोटो सापडला तर आपण तो किती वेळ बघत बसू! जे आज अगदी सामान्य आहे, तेच पुढे सर्वांत दुर्मीळ होते.

शेवटी एक हिशेब करू. एखाद्या छायाचित्रकाराने आयुष्यभरात दहा हजार फोटो मागे ठेवले, प्रत्येक सेकंदाच्या अडीचशेव्या भागाचा, तर त्या साऱ्यांची बेरीज किती? चाळीस सेकंद! आणि त्याच मापाने भांडुपच्या स्टेशन रोडवरच्या एकाच कोपऱ्यात वर्षभरात किती क्षण होऊन जातात? वर्षाचे ३ कोटी १५ लाख सेकंद, गुणिले २५०: सुमारे ७८८ कोटी. आज पृथ्वीवर जवळपास तेवढीच माणसे आहेत. एका कोपऱ्याचे एक वर्ष जगातल्या प्रत्येकाला वाटले, तरी बहुतेक सगळ्यांना एकेक क्षण मिळेल आणि कोणाचाही दुसऱ्यासारखा नसेल. आपल्या वाट्याचा टिपायला आज संध्याकाळी जरा लवकर निघा, आणि फोटोखाली तारीख आणि जागा लिहायला विसरू नका.