भोपळा देणारे सर

नोबिताचे सर फारसे कुणाला आवडत नाहीत. ‘डोरेमॉन’ हे कार्टून बघणाऱ्या पोरांच्या लेखी सर म्हणजे उशीर झाला की वर्गाबाहेर उभं करणारा, गृहपाठ राहिला की ओरडणारा आणि तपासलेल्या पेपरावर भोपळा काढून तो हातात ठेवणारा चष्मेवाला माणूस. फुजिको एफ. फुजिओ या जपानी चित्रकाराने 1970 च्या सुमारास ही चित्रकथा सुरू केली. 2005 मध्ये तिच्यावरचं कार्टून हिंदीतून हंगामा वाहिनीवर आलं आणि खामगाव-चिखलीच्या पोरांनाही नोबिताचा भोपळा तोंडपाठ झाला. पालकांच्या मते हे कार्टून म्हणजे आळशी पोराचं कौतुक. पण बुलढाणा जिल्ह्याकडे पाहिलं, की त्यातल्या दुय्यम पात्राचा, म्हणजे सरांचा, विचार करावासा वाटतो. ते गुण फुगवत नाहीत आणि मुलाला वाऱ्यावरही सोडत नाहीत. या दोन गोष्टी एका माणसात असणं वाटतं तितकं सोपं नाही.

3 मार्च 2023 ला बारावीचा गणिताचा पेपर होता. याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात प्रश्नपत्रिकेची पानं वेळेआधीच मोबाइलवर फिरली. विधानसभेत त्याच दिवशी गदारोळ झाला, पुढे विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि ज्यांना अटक झाली त्यांत शिक्षकही होते. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल. प्रश्न एका तालुक्याचा नाही. कॉपीमुक्त अभियान दरवर्षी राज्यभर राबवावं लागतं, यातच सगळं आलं. बुलढाण्याचेच कादंबरीकार रमेश इंगळे उत्रादकर यांनी ‘सर्व प्रश्न अनिवार्य’मध्ये ग्रामीण परीक्षा केंद्राचं जे चित्र रंगवलं, ते वाचून कुणी दचकलं असेल असं नाही, ‘आमच्याकडेही हेच’ म्हणणारेच जास्त. मुलाला मदत म्हणून उत्तर पुरवणाऱ्याला आपण कनवाळू समजतो आणि गुण कापणाऱ्याला खडूस. नोबिताचे सर इथे उपयोगी पडतात. डोरेमॉन या यंत्रमांजराच्या खिशातून सगळी उत्तरं आपोआप लिहिणारी पेन्सिल निघते, ती गोष्ट आठवा. परीक्षेत ती वापरावी की नाही या विचाराने नोबिता कासावीस होतो आणि शेवटी वापरत नाही. ती पळवून पैकीच्या पैकी गुण आणणाऱ्या दांडगट जियानला मात्र त्याचा बापच झोडपतो, कारण आपल्या पोराला इतके गुण पडणार नाहीत हे बापाला पक्कं ठाऊक असतं. मारण्याचं समर्थन नको. पण खोट्या शंभराने खूश न होणारा पालक हल्ली विरळाच.

यावर शिक्षणाची जाण असलेला माणूस विचारेल, की शून्य मिळालेल्या मुलाच्या मनाचं काय? प्रश्न रास्त आहे. पण नोबिता पेपर लपवतो तो शून्याला भिऊन नव्हे. आईच्या बोलण्याला आणि वर्गाच्या हसण्याला भिऊन. सर चुकतात ते इथे. सगळ्यांदेखत गुण सांगणं आणि बाहेर उभं करणं या दोन्ही सवयी त्यांच्यापाशीच राहू द्याव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने आपल्याकडे शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, ती योग्यच आहे. ‘छडी गेली आणि शिस्तही गेली’ असं पारावर ऐकू येतं, त्याचं उत्तर दुसरीच्या वहीत सापडेल. 52 वजा 17 बरोबर 45, असं एखादं मूल लिहितं. छडी मारा किंवा लाल फुली, त्याला काहीच कळणार नाही. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय, दशक सुटा करायचा असतो हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही, एवढं ओळखायला वहीवर दोन मिनिटं थांबावं लागतं. कडकपणा तो इथे हवा: ते गणित बरोबर सुटेपर्यंत मुलाला न सोडण्यात. उलट 45 ला ‘छान प्रयत्न’ म्हणून पुढे ढकललं, की पाचवीपर्यंत भागाकार अडतो आणि आठवीत गणित सुटतं ते कायमचं. सर्वंकष मूल्यमापनाचा अर्थ ‘सगळे पास’ असा लावून आपण वर्षानुवर्षं हेच केलं. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासांसाठी फेरपरीक्षा परत आणावी लागली.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. नोबिताच्या सरांकडे एकच वर्ग आहे. आपल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत एकेकाकडे दोन-तीन वर्ग, वर निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती. उत्रादकरांच्याच ‘निशाणी डावा अंगठा’त साक्षरता अभियानाच्या कागदांखाली गुरुजी कसे दबतात ते आलंच आहे. कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं सांगतं. ते पाळायला प्रशासनाला भाग पाडणं हे शिक्षक संघटनांचं पहिलं काम असायला हवं, बदल्यांचं नंतर. पण वेळेची सबब कुठवर ताणायची? नोबिताच्या घरी सर येतात, आईशी बोलतात. जपानी शाळांत शिक्षकाची गृहभेट ही जुनी रीतच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पटावरचं मूल आठ दिवस दिसलं नाही, की आपल्याकडेही घर गाठणारे गुरुजी आणि बाई असतात. आई-बाप कामासाठी गाव सोडणार असतील, तर मुलाचं शिक्षण हमी कार्ड तेच करून देतात आणि गावातच हंगामी वसतिगृहात त्याची सोय होते का तेही बघतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं आणि पालकांशी नियमित बोलणं, ही शिक्षकाची कर्तव्यंच आहेत.

‘कार्टूनवरून शाळा चालवायची का?’ असंही कुणी म्हणेल. अर्थातच नाही. नोबिता कधी सुधारत नाही, कारण तो सुधारला तर मालिका संपेल; खरी मुलं सुधारतात. सरांकडून घ्यायचं ते इतकंच, की आदल्या दिवशी शून्य मिळालेल्या पोराला ते दुसऱ्या दिवशीही गृहपाठ विचारतात, ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर टाकून देत नाहीत. राहिला पालकांचा भाग. पुढच्या पालकसभेत ‘गुण का कमी दिले’ हा प्रश्न विचारू नका. वही उघडून ‘याचं नेमकं अडतंय कुठे’ एवढं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.