ग्रेप, सॉर्ट आणि आपली अक्षरे

युनिक्सचे नाव काढले की आमच्या मराठी विभागातील मंडळी तो विषय संगणकशाखेकडे ढकलून मोकळी होतात. पण त्यातील ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा जन्मली ती आपल्याच प्रांतातल्या एका प्रश्नातून. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये लिहिल्या गेलेल्या ८५ ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी कोणता कोणाचा, हे बेल लॅब्जमधील ली मॅक्महॉन यांना शैलीवरून तपासायचे होते. त्या वेळच्या ‘ईडी’ या संपादकात एवढा मजकूर मावेना. तेव्हा केन टॉम्पसन यांनी त्यातील शोधाचा भाग स्वतंत्र करून दिला, असे ब्रायन कर्निहन सांगतात. नामदेवांच्या गाथेत विष्णुदासनाम्याचे अभंग कोणते, हा प्रश्न याच जातीचा आहे.

युनिक्सची रीत अशी की प्रत्येक आज्ञेने एकच काम करावे आणि ‘पाइप’ या उभ्या रेघेतून त्याचे फलित पुढच्या आज्ञेच्या हाती द्यावे. ओळीला एक असे शब्द मांडले, सॉर्टने लावले, युनिकने मोजले, की शब्दांची वारंवारता हाती येते. मधले सॉर्ट गाळता येत नाही. युनिकला फक्त लागून असलेल्या सारख्या ओळी ओळखता येतात.

खरी परीक्षा मराठी मजकुरावर होते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण तो अर्धा ‘ऱ’ संगणकात एकाच प्रकारे साठवलेला नसतो. कोणी त्यासाठीचे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एका लेखकाच्या लेखनात ‘दुसऱ्या’ किती वेळा येतो, याचे उत्तर टंकलेखकावर अवलंबून राहिले तर शैलीचा निष्कर्ष काय कामाचा? म्हणून मोजणीआधी सर्व मजकूर एकाच रूपात आणावा.

क्रमाचेही तसेच. केवळ संकेतांकांनुसार लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये जाऊन बसतो, ‘क्ष’ ‘क’च्या घरात शिरतो. कोशकाराने हे डोळ्यांखालून घातलेच पाहिजे.

‘टीआर’ या आज्ञेविषयी मी विशेष सावध करतो. पोथीतील दंड काढून टाकावेत म्हणून ती चालवली, तर लिनक्सवरील तिची प्रचलित आवृत्ती अक्षर न पाहता बाइट पाहते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि पहिला बाइट सर्वांचा एकच. दंडाबरोबर तोही जातो आणि सारी पोथी निरर्थक होते. तिथे ‘सेड’ वापरावी.

बोलीचे शब्द गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट मी पहिल्याच तासाला सांगतो. यादी सॉर्ट करून बाणाच्या चिन्हाने त्याच फाइलमध्ये परत पाठवू नये. शेल आधी फाइल रिकामी करते, मग सॉर्टला बोलावते. वाचायला तेव्हा काहीच उरलेले नसते, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांकडून ते शब्द मिळाले त्यांच्याकडे पुन्हा जाणे दर वेळी शक्य नसते. फलित नव्या नावाने ठेवावे, आणि मूळ फाइलची लिहिण्याची परवानगी ‘सीएचमॉड’ने आधीच काढून घ्यावी.