चौऱ्याऐंशीव्या वर्षीचे शांतिगान

सत्तरी ओलांडली की 'आता आपले करून झाले' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वाचकहो, कदाचित आपणही ते उच्चारले असेल. ज्यांच्या उत्तरायुष्याने या वाक्याला शांतपणे उत्तर दिले, अशा एका चेलोवादकाची ही कहाणी आहे.

पाब्लो कासाल्स यांचा जन्म १८७६ साली स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात झाला. यादवी युद्धानंतर तेथे फ्रँकोची हुकूमशाही आली आणि कासाल्स यांनी सीमेपलीकडच्या फ्रान्समधील प्राद या छोट्या गावी आश्रय घेतला. छावण्यांतील निर्वासित देशबांधवांसाठी मदत मिळविण्यात त्यांचे दिवस जात. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ मध्ये, त्यांनी सहनिर्वासित कवी जुआन आलावेद्रा यांचे एक काव्य संगीतबद्ध करायला घेतले. मुळात ते कवीने आपल्या लहानग्या मुलीच्या नाताळच्या देखाव्यासाठी रचले होते. बाळ येशूच्या दर्शनाला निघालेली साधी माणसे आणि गोठ्यातील मुकी जनावरे त्यात बोलतात. यातून एकल गायक, समूहगान आणि वाद्यवृंद यांसाठी 'एल पेसेब्रे' ही दीर्घ रचना आकाराला आली. तिची सांगता शांतीच्या याचनेने होते.

ही रचना रसिकांसमोर येण्यास मात्र १७ वर्षे लागली. मधल्या काळात, १९५७ मध्ये, ८० वर्षांच्या कासाल्स यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. तरीही डिसेंबर १९६० मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे तिचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा संचालनासाठी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षात असलेले कासाल्स स्वतः उभे होते. पुढे ही रचना घेऊन ते शांतीचा संदेश देत देशोदेशी फिरले. १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहातही ती सादर झाली.

हे बळ कोठून येत असे? अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांनी नव्वदीच्या उंबरठ्यावरील कासाल्स यांची एक सकाळ वर्णिली आहे. संधिवाताने बोटे सुजलेली, पाठ वाकलेली, श्वासही जड. अशा अवस्थेत ते पियानोपाशी बसत आणि बाखची रचना वाजवू लागत. हळूहळू आखडलेली बोटे मोकळी होत, पाठ सरळ होई, श्वास सुकर होई. मगच ते न्याहारीला जात. सकाळी बाख वाजविण्याचा त्यांचा हा नेम कित्येक दशकांचा होता.

याचा अर्थ संगीताने संधिवात बरा होतो, असा कृपया घेऊ नये. औषधे आणि वैद्यकीय सल्ला आपल्या जागी हवाच. परंतु ज्या कामात जीव गुंतला आहे, ते काम देहालाही हालचालीस प्रवृत्त करते. आशा ही केवळ मनाची अवस्था नसून रोज सकाळी पाळायचा नेम आहे, हे कासाल्स यांच्या दिनक्रमावरून उमगते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. आपण ज्येष्ठांची गोळ्यांची वेळ चुकू देत नाही. पण त्यांच्या पेटीवरची धूळ कधी पुसतो का? भजनाची वही, विणकामाच्या सुया, अर्धवट राहिलेले लेखन त्यांच्या हाताशी ठेवावे. हात थरथरले, सूर चुकला, तर लगेच 'राहू द्या' म्हणू नये. दहा मिनिटे झाली तरी पुष्कळ. थकवा जाणवताच विसावा द्यावा.

कासाल्स १९७३ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, परदेशातच निवर्तले. फ्रँकोची राजवट त्यानंतर दोन वर्षांनी संपली आणि १९७९ मध्ये त्यांचे अवशेष जन्मगावी, एल वेंद्रेल येथे नेण्यात आले. ज्या पहाटेची त्यांनी वाट पाहिली, ती त्यांना दिसली नाही. तिच्यासाठीचे गाणे मात्र त्यांनी पुरे केले होते. वाचकहो, आपल्या घरी असे कोणते गाणे अपुरे राहिले आहे? उद्या सकाळी त्यापाशी दहा मिनिटे बसून पाहावे.