लोणारचे वय किती?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फज्लनेही त्याची दखल घेतली आहे. काच आणि साबण बनवायला लागणारे जिन्नस इथे मिळतात, असे तो लिहितो. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे हे विवर आकाशातून कोसळलेल्या अशनीच्या धडकेने झाले, हे आता निर्विवाद आहे. पण ते कधी झाले, असे मुलांनी विचारले की आपण अडखळतो. कुठे 52 हजार वर्षे छापलेले असते, कुठे 5 लाख 70 हजार! दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनीच काढलेले. मग मुलांना कोणता सांगायचा?

लोणारचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याचे वय काढले तर लाव्हा कधी थिजला ते कळेल, धडक कधी बसली ते नाही. त्यासाठी धडकेतच जन्मलेली वस्तू हवी. ती म्हणजे तेव्हाच्या उष्णतेने वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा दगड.

1997 साली प्रसिद्ध झालेला 52 हजारांचा आकडा या काचेत साठलेल्या ऊर्जेवरून काढला होता. काच तापवली की ती ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. पण हा साठा एका मर्यादेपुढे वाढत नाही, कधी कधी गळतोही. फार जुन्या वस्तूचे वय मग कमी भरते.

दुसरे घड्याळ अरगॉन वायूचे. दगडातील पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय संथपणे अरगॉनमध्ये बदलत असतो. कुकरचे झाकण काढले की वाफ निघून जाते, तसा दगड वितळला की साठलेला अरगॉन उडून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. तो थोडा जरी आत राहिला तरी वय फुगते. लोणारचा वितळलेला पाषाण पातळ असल्याने त्यातून वायू सहज निसटला, ही जमेची बाजू. 2011 साली या पद्धतीने आधी साडेसहा लाखांच्या आसपास वय आले. पुढे हिशेब सुधारून ते 5 लाख 70 हजार झाले, त्यात 47 हजारांचा फरक इकडे-तिकडे.

या घड्याळावर भरवसा का ठेवावा? अशनींमुळे. आज पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींच्या एका मोठ्या गटात हे घड्याळ सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी शून्यावर आलेले दिसते. म्हणजे तेव्हा अवकाशात एखादा मोठा लघुग्रह धडकेत फुटला असावा. आणि स्वीडनमधील एका खाणीत, जवळपास तितक्याच जुन्या चुनखडीच्या थरांत, त्याच जातीचे अशनी गाडलेले सापडले आहेत. चुनखडीचे वय अरगॉनने नव्हे, तिच्यातील जीवाश्मांवरून ठरवलेले होते.

म्हणून आमच्या मते मुलांना पावणेसहा लाखांच्या आसपासचा आकडा सांगावा. आणि 47 हजारांचा तो फरकही सांगावा, तो गाळू नये.