ज्येष्ठांसाठीचं संकुल : पाच गैरसमज

सदाशिव पेठेत किंवा कोथरूडला बिनलिफ्टच्या इमारतीत दोघंच उरली, की ज्येष्ठांच्या संकुलाचा विषय घरात निघतोच. आयुष्यभराची पुंजी लावायची असते, म्हणून हा निर्णय ऐकीव माहितीवर घेऊ नये.

गैरसमज १ : हा वृद्धाश्रमच.
वस्तुस्थिती : पुण्यातल्या ‘अथश्री’सारख्या संकुलांत घर, स्वयंपाकघर आणि किल्ली आपलीच असते, सोबतीला भोजनकक्ष, तातडीची मदत मिळते. काही प्रकल्पांत मात्र अनामत रक्कम भरून फक्त राहण्याचा हक्क मिळतो. करार विक्रीचा आहे की नाही, हे आधी पाहा.

गैरसमज २ : ‘ज्येष्ठांसाठी’ म्हटलं की बांधकाम तसंच असणार.
वस्तुस्थिती : महारेराने २०२४ मध्ये अशा नव्या प्रकल्पांसाठी निकष ठरवले. दरवाजा किमान ९०० मिलिमीटर रुंद, एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, जिन्याच्या एका टप्प्यात जास्तीत जास्त १२ पायऱ्या. सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना टेप न्या आणि बाथरूमचं दार मोजा. व्हीलचेअर बहुतेकदा तिथेच अडते.

गैरसमज ३ : कारभार बिल्डरच बघेल.
वस्तुस्थिती : ताबा मिळाल्यावर कारभार सभासदांचा. १९६०च्या सहकार कायद्याखालच्या सोसायटीत एका सभासदाला एक मत, आणि सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली खर्चाचा वाटा अविभक्त हिश्शाप्रमाणे, म्हणजे मोठ्या फ्लॅटला मेंटेनन्स जास्त. मेस, परिचारिका यांचा करार वेगळा असू शकतो. त्याचे दर कोण वाढवणार, हे लेखी घ्या.

गैरसमज ४ : नॉमिनी लावला, काम झालं.
वस्तुस्थिती : नॉमिनी हा मालक नव्हे. २०१९च्या दुरुस्तीनुसार सोसायटीत तो तात्पुरता सभासद होतो. मालकी मृत्युपत्र किंवा वारसाहक्काने ठरते. मृत्युपत्र कराच. वयाची अट असेल तर तरुण वारसाला तिथे राहता येईल का, तेही करारात तपासा.

गैरसमज ५ : अंथरुणाला खिळलो तरी इथेच सगळं होईल.
वस्तुस्थिती : बहुतेक संकुलं स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असतात. स्मृतिभ्रंश किंवा चोवीस तासांची शुश्रूषा यांची सोय आहे का आणि तिचा खर्च किती, हे आजच विचारा.

राहायला गेल्यावर सोसायटीची वार्षिक सभा चुकवू नका. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि हिशेब तिथेच मांडला जातो. वय झालं म्हणून प्रश्न विचारायचा हक्क संपत नाही.